सेवकाचा एकांतवास

इंग्रजी भाषेंतील 'रिट्रीट' या शब्दाचे दोन अर्थ कोशांत आढळतात. पहिला रणांगणावरचा : शत्रूपुढें टिकाव न लागल्यामुळें सैन्यानें घेतलेली माघार. दुसरा अर्थ निराळा : नित्याच्या व्यवसायांतून कांहीं दिवस बाजूस होऊन, एखाद्या शांत स्थळीं मनन, प्रार्थना व आत्मपरीक्षण यांत घालविलेला काळ. पहिल्या अर्थावर पराभवाची छाया आहे. दुसऱ्यांत पुढील कामाची तयारी आहे. विद्यार्थी या दोन अर्थांची गल्लत करितात, आणि त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. कारण मोठीं माणसेंहि ती करितात. एखादा तरुण परमुलखांत लोकसेवेसाठीं गेला आणि ऐन कामाच्या दिवसांत आठवडाभर डोंगरावर जाऊन बसला, असें कानीं आलें म्हणजे घरचीं वडील माणसें विचारतात, "हा कामासाठीं गेला आहे कीं हवा खाण्यासाठीं ?" या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत हें आहे : जो सेवक मधून मधून थांबत नाहीं, त्याला आपले दोष दिसत नाहींत व ज्यांची तो सेवा करितो त्यांचे गुणहि दिसत नाहींत, आणि ज्याला हें दोन्हीं दिसत नाहीं, त्याच्या सेवेनें उपकारापेक्षां अपकार होण्याचा संभव अधिक. म्हणून एकांतवास हा सेवेंतील खंड नव्हे, तो सेवेचाच एक भाग होय. शेतकरी कापणीच्या घाईंतहि विळ्याला धार लावण्यास बसतो. तो वेळ वाया गेला असें कोणी म्हणत नाहीं.

स्वदेशांतील सेवेपेक्षां परदेशांतील सेवेला अशा विरामाची गरज अधिक असते. घरीं कोणी चुकला तर आई कान उपटते, शेजारी टोमणा मारितो, मित्र थट्टा करितो; मनुष्य आपोआप सरळ होतो. परक्या देशांत हीं सर्व कुंपणें नाहींशीं होतात. भाषा अर्धवट येते, अन्न मानवत नाहीं, सणावारीं जिवलगांची आठवण येऊन घशाखालीं घांस उतरत नाहीं. दुसऱ्या बाजूनें, घरीं ज्याला कोणी ओळखत नव्हतें तो तेथें 'साहेब', 'डॉक्टर' किंवा 'गुरुजी' होतो. त्याच्या चुकीला चूक म्हणण्याचें धाडस कोणास होत नाहीं. अशा स्थितींत दोन संकटें उभीं राहतात. कोणी खचतो, तर कोणी ताठतो. खचलेला घरीं परत येतो, एवढीच त्याची हानि. ताठलेला तेथेंच राहतो, आणि त्याची झळ दुसऱ्यांस लागते.

ही गोष्ट आपल्या देशांतील ज्ञात्यांनीं फार प्राचीन काळीं ओळखिली होती. बौद्ध भिक्षु बहुतांच्या हितासाठीं गांवोगांव व देशोदेशीं हिंडत. परंतु पावसाळ्याचे तीन महिने त्यांनीं एका जागीं राहावें असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. विनयग्रंथांत या नियमाचें कारण मोठें मार्मिक दिलें आहे. भिक्षु पावसांत हिंडत असतां कोंवळें गवत तुडविलें जातें, लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांनीं तक्रार केली, आणि तिच्यावरून हा नियम झाला. परोपकारासाठीं बाहेर पडलेल्या पायांखालींहि कांहींतरी चिरडलें जातें, ही जाणीव त्या नियमाच्या मुळाशीं आहे.

वर्षावासाची समाप्ति कशी होई, तेंहि ऐकण्यासारखें आहे. शेवटच्या दिवशीं प्रवारणा नांवाचा विधि होई. वडील भिक्षूपासून आरंभ करून प्रत्येकानें संघापुढें नम्रतेनें बसावें आणि, माझ्या हातून कांहीं अपराध झालेला तुम्हीं पाहिला असेल, ऐकिला असेल किंवा तशी शंका तुम्हांस आली असेल, तर कृपा करून मला सांगा, अशी विनंति करावी. नवशिक्यानें वडिलांचा दोष सांगावा व वडिलांनीं तो मुकाट्यानें ऐकावा, ही गोष्ट सोपी नव्हे. तीन महिने एकत्र राहून जो विश्वास उत्पन्न होई, त्याच्या बळावरच ती शक्य होत असली पाहिजे. हा विधि उरकल्यावर भिक्षु पुन्हां वाटेस लागत.

आपल्या सह्याद्रींत भाजें, कार्लें, कान्हेरी, अजिंठा येथें जीं लेणीं आहेत, त्यांतील विहार अशाच वसतीसाठीं कोरलेले आहेत. सहलीस गेलेलीं मुलें तेथील लहान लहान खोल्या व दगडी ओटे पाहून "येथें माणसें कशीं राहत असतील ?" असें विचारतात. त्यांनीं आणखी एक प्रश्न विचारावा : "येथून तीं कोठें जात असतील ?" कारण यांतील बरींच लेणीं घाटमार्गांच्या जवळ आहेत. कोंकणांतील बंदरांकडे जाणारा व्यापारी माल ज्या वाटेनें उतरे, तिच्याच बाजूस हे विहार आहेत. रस्त्याच्या गजबजाटापासून थोडें दूर, परंतु रस्ता दृष्टीआड होणार नाहीं अशा बेतानें. एकांतवास कोठें असावा, या प्रश्नाचें इतकें चांगलें उत्तर आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं.

युरोपांतहि हाच शोध निराळ्या मार्गानें लागला. १५२१ सालीं पांप्लोनाच्या वेढ्यांत इग्नाती लोयोला नांवाचा एक स्पॅनिश योद्धा तोफेच्या गोळ्यानें जायबंदी झाला. बरा झाल्यावर तो १५२२ सालीं मान्रेसा या गांवीं जाऊन सुमारें दहा महिने राहिला. तेथें प्रार्थना व आत्मपरीक्षण करीत असतां त्यानें ज्या नोंदी केल्या, त्यांतून पुढें त्याचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या साधनेचे चार भाग असून पूर्ण साधनेस सुमारें तीस दिवस लागतात. ग्रंथ असें त्याला म्हणावयाचें, परंतु तो वाचावयाचा नसून आचरावयाचा आहे, जसें तालमीचें पुस्तक वाचून कोणाचे दंड भरत नाहींत.

१५३४ सालीं पॅरिस येथें इग्नातीच्या देखरेखीखालीं ही साधना ज्यांनीं केली, त्यांत फ्रान्सिस झेवियर हा तरुण विद्वान होता. तो १५४१ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला आणि १३ महिन्यांच्या प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. गोव्यांत त्याचें नांव आजहि घरोघरीं घेतलें जातें. परंतु त्याच्या आयुष्यांतील एका गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. अखंड भ्रमंति करणारा हा पुरुष १५४५ सालीं मद्रासजवळ मैलापूर येथें जवळ जवळ चार महिने थांबला. पुढें पूर्वेकडे मलाक्कास जावें कीं येथेंच राहावें, हा निर्णय त्याला करावयाचा होता. ज्याला एक दिवस फुकट घालविणें जड वाटे, त्यानें एका निर्णयासाठीं चार महिने प्रार्थनेंत घालविले, आणि मग तो मलाक्काच्या गलबतावर चढला. पुढें कोठें जावयाचें हें धांवतां धांवतां ठरवूं नये, हा धडा येथें मिळतो.

आतां आपल्या अधिक जवळच्या काळाकडे वळूं. मदुरा येथील अमेरिकन मिशनरी मंडळींचा उष्ण हवेनें, पटकीनें व तापानें भराभर बळी जाऊं लागला, तेव्हां त्यांनीं १८४५ सालीं सुमारें ७००० फूट उंचीवर कोडाईकनाल येथें पहिलीं घरें बांधलीं. अशा थंड हवेच्या ठिकाणांनीं पुष्कळ जीव वांचविले यांत संशय नाहीं. परंतु शरीराचा विसावा आणि मनाचा एकांतवास या दोन गोष्टी एकच नव्हेत. आणि हें ज्याच्या चरित्रावरून फार स्पष्ट होतें, तो पुरुष म्हणजे ई. स्टॅन्ली जोन्स.

जोन्स हे अमेरिकेच्या मेरीलंड प्रांतांत १८८४ सालीं जन्मले आणि १९०७ सालीं मेथॉडिस्ट मिशनतर्फे लखनौस आले. आठ साडेआठ वर्षें त्यांनीं आपल्या शक्तीबाहेर काम केलें. परिणाम असा झाला कीं बोलतां बोलतां ते कोसळूं लागले. मेंदू थकला, मज्जातंतु दुबळे झाले. त्यांस रजा देऊन अमेरिकेस पाठविण्यांत आलें. वर्षाहून अधिक काळ तेथें काढून ते परत निघाले, तों वाटेंत पुन्हां तीच अवस्था. मुंबईस उतरतांच ते तडक डोंगरावर गेले. कांहीं महिने विसावा घेऊन मैदानांत आले, पुन्हां कोसळले, पुन्हां डोंगरावर गेले. डोंगराची हवा होती, झोंप होती, अन्न होतें. प्रकृति मात्र येईना. अखेर लखनौ येथें एका रात्रीं प्रार्थना करीत असतां, हें सारें ओझें आपण एकट्यानेंच वाहिलें पाहिजे हा आग्रह त्यांनीं सोडून दिला, आणि त्या घटकेपासून आपणांस नवें बळ आलें असें त्यांनीं स्वतः १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे. त्यानंतर सुमारें अर्धशतक त्यांनीं देशोदेशीं व्याख्यानें दिलीं. १९७३ सालीं बरेली येथें ते निवर्तले.

ज्यानें स्वतः ठेंच खाल्ली, त्यालाच दुसऱ्याच्या वाटेंतील दगड दिसतो. १९३० सालीं जोन्स यांनीं युनस सिन्हा हे भारतीय पाळक व एथेल टर्नर या इंग्रज बाई यांच्या साह्यानें कुमाऊं पर्वतांत भीमतालाजवळ सात ताल येथें एक आश्रम काढिला. साबरमती व शांतिनिकेतन येथील वास्तव्यांत त्यांनीं जें पाहिलें होतें, त्याचा ठसा या आश्रमावर होता. उन्हाळ्यांत निरनिराळ्या देशांचे व पंथांचे सेवक आणि भारतीय बंधुभगिनी तेथें एकत्र राहत. वेष साधा, जेवण देशी पद्धतीचें. आश्रमांत पाऊल टाकतांच रेव्हरंड, डॉक्टर, बिशप वगैरे पदव्या गळून पडत. सर्वजण एकमेकांस भाऊ आणि बहीण म्हणून हांक मारीत. खुद्द संस्थापकहि तेथें 'भाऊ स्टॅन्ली' एवढेच उरत.

आश्रमाच्या कार्यक्रमांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, सत्राच्या आरंभींची 'खुल्या अंतःकरणाची' बैठक. तींत प्रत्येकानें आपण कां आलों, आपणांस कशाची उणीव भासते, हें मनमोकळेपणें सांगावयाचें. कोणी वादविवाद करावयाचा नाहीं, कोणी उपदेश करावयाचा नाहीं. सत्राच्या शेवटीं 'भरून वाहणाऱ्या अंतःकरणाची' बैठक होई, आणि तींत आपणांस काय लाभलें तें सांगावयाचें. आपली गरज कबूल केल्यावांचून भरणें नाहीं, हा क्रम सहेतुक होता.

दुसरी गोष्ट अंगमेहनतीची. सर्वांनीं रोज कांहीं वेळ हातांनीं काम करावयाचें. आणि भंगीकाम करणाऱ्या माणसास आठवड्यांतून एक दिवस सुटी देऊन त्याचें काम आश्रमवासीयांनीं आपखुशीनें पतकरावयाचें. त्यांत शौचकूप साफ करणें हेंहि आलें. एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थास जोन्स यांनीं विचारलें कीं, आपण या कामास कधीं पुढें येणार ? त्यानें मान हलवून उत्तर दिलें कीं, माझें मनःपरिवर्तन झालें आहे खरें, परंतु तें अजून इतक्या लांबवर पोहोंचलेलें नाहीं. जोन्स ही आठवण कौतुकानें सांगत. आम्हांस तिच्यांत विनोदापेक्षां प्रामाणिकपणा अधिक दिसतो. जें मन व्यासपीठावर सर्व मानव समान म्हणून गर्जतें, तेंच झाडू हातीं घेतांना कोठें अडतें, हें ज्याला कळलें त्याचा एकांतवास अर्धा सफळ झाला. जोन्स यांनीं पुढें १९५० सालीं लखनौ येथें मनाच्या विकारांवर उपचार करणारी 'नूर मंझिल' ही संस्था काढिली. प्रार्थना आणि वैद्यक यांत त्यांनीं वैर मानलें नाहीं, हेंहि येथें सांगून ठेवितों.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत परदेशीं सेवेस जाणाऱ्यांचें रूप पालटलें. आतां पाद्री व डॉक्टर यांच्याबरोबर नुकतेच पदवीधर झालेले तरुणतरुणी एकदोन वर्षांपुरते जाऊं लागले. १ मार्च १९६१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं 'पीस कोर' म्हणजे शांतिदल स्थापिलें. तेव्हांपासून दोन लक्षांहून अधिक स्वयंसेवक त्या दलांतून परदेशीं जाऊन आले. प्रारंभीं सुमारें तीन महिने शिक्षण व मग दोन वर्षें काम असा त्यांचा क्रम. आणि सेवेच्या मध्यावर व पुन्हां अखेरीस त्यांस एकत्र बोलावून मागें वळून पाहावयास लावण्याची वहिवाट पडली.

ही वहिवाट किती अगत्याची आहे, हें त्या दलाच्या पहिल्याच वर्षीं घडलेल्या एका प्रसंगावरून दिसून येतें. ऑक्टोबर १९६१ मध्यें नायजेरियांत इबादान येथील विद्यापीठांत शिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेनें आपल्या मित्रास एक पोस्टकार्ड लिहिलें. तेथील गलिच्छपणा व मागासलेलें राहणीमान पाहून तिला धक्का बसला होता, तो तिनें त्यांत उतरविला. तें कार्ड टपालांत पडण्याऐवजीं तेथील विद्यार्थ्यांच्या हातीं पडलें. त्यांनीं त्याच्या प्रति काढून वांटल्या. सभा भरल्या, निषेध झाला. नायजेरियास स्वातंत्र्य मिळून जेमतेम एक वर्ष झालें होतें. अशा वेळीं ते शब्द त्या तरुणांच्या काळजास झोंबले यांत नवल काय? त्या मुलीनें क्षमा मागितली आणि ती मायदेशीं परतली.

त्या मुलीचें अंतःकरण वाईट होतें असें आम्हांस वाटत नाहीं. नव्या देशांत पहिल्या महिन्यांत असे विचार कोणाच्या मनांत येत नाहींत ? प्रश्न असा कीं, हे पहिले, कच्चे, आंबट विचार ओतावयाचे कोठें ? अनुभवी वडील मंडळींपुढें, सोबत्यांच्या विश्वासांत, चार भिंतींच्या आंत त्यांना वाट मिळाली, तर तेथें कोणी हळूच विचारतो : जें तुला घाणेरडें दिसलें, तें त्या लोकांस आवडतें म्हणून आहे काय ? नळ कोणी घातले नाहींत ? तूं त्यांच्यापैकीं कितीजणांच्या घरीं जेवलीस ? अशा प्रश्नांनीं विचार पिकतो. उघड्या पत्रावर तो कच्चाच गळून पडतो. हल्लीं तर प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे, आणि मनांत आलेलें वाक्य घटकाभरांत पृथ्वीप्रदक्षिणा करून येतें. म्हणून वाक्य पिकेपर्यंत थांबण्याची जागा पूर्वीपेक्षां आज अधिक हवी.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या शिक्षणानें परिचारिका होत्या. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या शांतिदलांतून विक्रोळीस आल्या व तेथील दवाखान्यांत त्यांनीं काम केलें. त्या वेळीं त्यांनीं घरच्या मंडळींस जीं पत्रें लिहिलीं, तीं १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. दिवसभराच्या कामानंतर रात्रीं कागद पुढें घेऊन आज आपण काय पाहिलें याचा हिशेब लिहिणें, हा एकट्यानें करावयाचा लहानसा एकांतवासच होय. ज्यांस डोंगरावर जाण्याची सोय नाहीं, त्यांस वही आणि लेखणी तरी आहे.

एकांतवासांत विचारावयाचा सर्वांत कठीण प्रश्न १९६८ सालीं मेक्सिको देशांतील क्वेर्नाव्हाका या गांवीं उच्चारला गेला. तेथें इव्हान इलिच नांवाचे एक विचारवंत पाद्री परदेशीं सेवकांस स्पॅनिश भाषा व तेथील लोकजीवन शिकविणारी संस्था चालवीत. उन्हाळ्याच्या सुटींत मेक्सिकोंत सेवेस येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं २० एप्रिल १९६८ रोजीं भाषण केलें. विद्यार्थ्यांस शाबासकीची अपेक्षा होती. इलिच यांनीं मात्र त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, तुमचे हेतु चांगले असले तरी त्यांच्या बळावर तुम्हीं येथें येऊं नये. ज्यांची भाषा तुम्हांस येत नाहीं, जे तुम्हांस 'नको' असेंहि म्हणूं शकत नाहींत, त्यांच्यावर तुम्ही आपली परोपकारबुद्धि लादतां. पाहावयास या, शिकावयास या. उद्धार करावयास येऊं नका.

हें बोलणें कडू आहे, आणि तें सर्वस्वीं खरें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसलेल्या परिचारिकेस तिची भाषा शुद्ध आहे कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. तथापि औषध कडू म्हणून टाकूं नये. प्रत्येक एकांतवासांत एक दिवस तरी इलिच यांचा प्रश्न पटावर मांडला पाहिजे : मी येथें नसतों तर या लोकांचें काय अडलें असतें ? मी येथें असल्यामुळें माझें काय भलें झालें ? या दोन प्रश्नांचीं उत्तरें जो खरेपणानें देईल, तो बहुधा दात्याच्या आसनावरून उठून विद्यार्थ्याच्या बाकावर येऊन बसेल. आणि आमच्या मतें खऱ्या सेवेचा आरंभ त्याच बाकावर होतो.

येथें कोणी म्हणेल, "थोर सेवकांनीं कोठें असे विसावे घेतले ?" आणि उदाहरण म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें नांव पुढें करील. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें चीनच्या मदतीस पाठविलेल्या पांच डॉक्टरांपैकीं ते एक. ते चिनी भाषा शिकले, तेथील एका परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, रणभूमीवरील जखमींसाठीं रात्रीचा दिवस केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या ३२ व्या वर्षीं अपस्माराच्या विकारानें कालवश झाले. त्यांच्या त्यागापुढें आमचें मस्तक नम्र होतें. युद्धाच्या वणव्यांत विसावा मागण्यास त्यांस सवड नव्हती, आणि विसाव्यानें ते वांचले असते असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु एका वीराच्या बलिदानावरून सर्वांसाठीं नियम करूं नये. जो जातो त्यानें विसावा मागितला नाहीं, हा त्याचा मोठेपणा. जे पाठवितात त्यांनीं तो दिला नाहीं, तर तो त्यांचा हलगर्जीपणा.

आणि विसावा म्हणजे दार लावून बसणेंहि नव्हे. शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. दोघे दोघे करून पाठविलेले बारा शिष्य परत आले, आपण काय केलें व काय शिकविलें तें त्यांनीं प्रभूस सांगितलें. येणाऱ्याजाणाऱ्यांची अशी गर्दी होती कीं त्यांस जेवण्यासहि फुरसत मिळेना. तेव्हां प्रभूनें त्यांस तारवांत घेऊन एकांत स्थळाकडे नेलें. परंतु लोक पायवाटेनें धांवत जाऊन त्यांच्या आधींच तेथें पोहोंचले. प्रभु त्यांच्यावर रागावला नाहीं. त्याला त्यांचा कळवळा आला, आणि त्या रानांतच पांच हजारांची पंगत बसली. शिष्यांचा एकांतवास त्या दिवशीं मोडला असें वाटतें. पण तारवांतील तेवढा प्रवास तरी त्यांस लाभलाच. एकांतवासाची खरी कसोटी तो किती निर्विघ्न पार पडला ही नसून, त्यांतून उठलेला मनुष्य दारीं आलेल्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो ही आहे.

शेवटच्या निरोपालाहि असा काळ हवा असतो. मार्च १९२० च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या मार्च २०२० मधील साथीच्या वेळीं शांतिदलानें साठांहून अधिक देशांतील आपल्या सुमारें ७००० स्वयंसेवकांस एकाएकीं माघारीं बोलाविलें. पुष्कळांस निरोप घेण्यासहि वेळ मिळाला नाहीं. ज्या गांवानें आपणांस लेकराप्रमाणें वागविलें, त्याला 'येतों' असें न म्हणतां निघून यावें लागणें, हें दुःख लहान नव्हे. घरीं पोहोंचलेला देह आणि तिकडेच घोटाळणारें मन यांची गांठ घालून देण्यासाठीं परत आलेल्या सेवकासहि कांहीं शांत दिवस लागतात. आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें. दीर्घ प्रवासाहून परत आलेला मुलगा अबोल झाला, तर त्यास लागलीच नोकरीच्या व लग्नाच्या गोष्टी सांगूं नयेत. आधीं त्याचें ऐकावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कांहींजण पुढें परिचारिका, शिक्षक, इंजिनियर होऊन दूरदेशीं जातील. कांहीं सेवेसाठीं, कांहीं पोटासाठीं. परंतु जे जाणार नाहींत त्यांसहि हा पाठ लागू आहे. साक्षरतेच्या वर्गासाठीं शेजारच्या वस्तींत जाणारा मुलगा, इस्पितळांत फुलें घेऊन जाणारी मुलगी, हींहि एका अर्थानें परमुलखांतच जातात. दोन गल्ल्यांचें अंतर कधीं कधीं दोन समुद्रांएवढें असतें. म्हणून येत्या सुटींत एक दिवस, एक तास, घराच्या एखाद्या शांत कोपऱ्यांत अथवा झाडाखालीं बसा. वहींत चार प्रश्न लिहा : या वर्षीं मीं कोणासाठीं काय केलें ? तें करतांना मला त्यांच्यापासून काय शिकावयास मिळालें ? माझ्या पायांखालीं कोणतें कोंवळें गवत तुडविलें गेलें ? आणि उद्यां मीं काय निराळें करावें ? उत्तरें लिहून झाल्यावर तीं आपल्या एका विश्वासू मित्रास दाखवा व, यांत माझा कोणता दोष लिहावयाचा राहिला, असें त्याला विचारा. हा शेवटचा प्रश्न सर्वांत जड जाईल. पण विहारांतील भिक्षूंस तो जड गेला नसेल असें थोडेंच आहे?

तास संपला कीं वही मिटा आणि उठा. बाहेर काम वाट पाहत असेल.